आवडत्या कथाविश्वात खेळ मांडताना

चार-पाच जणांचा गट जमतो. दोघांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची पारायणे केलेली असतात, एकाने फक्त सिनेमे पाहिलेले असतात, एकीला यातले काहीच ठाऊक नसते, पण मैत्रिणीच्या आग्रहाखातर ती आलेली असते. रोलप्लेइंग गेम सुरू करायचे ठरते आणि कोणीतरी पहिल्याच दिवशी म्हणते, "मिडल-अर्थमध्येच खेळूया ना!" दुसऱ्या गटात हाच हट्ट 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या वेस्टेरोसचा असतो, शाळकरी मुलांच्या गटात हॉगवर्ट्सचा. मला हा हट्ट मनापासून पटतो. ओळखीच्या जगात मांडलेला खेळ लवकर रंग धरतो. पण असे कितीतरी खेळ तिसऱ्या-चौथ्या सेशनला थंडावतात, आणि त्यामागची कारणे बहुतेक वेळा तीच ती असतात. ती आधीच लक्षात घेतली, तर हे जग महिनोन्महिने पुरते.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो आणि एक जण गेम मास्टर होतो. गेम मास्टर प्रसंग उभा करतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि जिथे निकाल काहीही लागू शकतो तिथे फासे टाकतात. कागद, पेन्सिल, फासे आणि बोलणे एवढ्यावर तीन-चार तास सहज जातात. अशी एक बैठक म्हणजे सेशन, आणि त्याच पात्रांना घेऊन पुढे चालत राहणारी गोष्ट म्हणजे कॅम्पेन.

ओळखीचे जग काय देते?

पहिली गोष्ट अर्थातच वातावरण. स्वतः रचलेल्या जगात गेम मास्टर म्हणाला, "तुम्ही काळ्या खिंडीच्या दाराशी पोहोचता," तर खेळाडू मान डोलावून पुढे काय म्हणून विचारतात. तोच जर म्हणाला, "समोर मोरियाचे दार आहे," तर टेबलावरची कुजबुज थांबते. त्या नावामागची भीती टॉल्किनने आधीच कमावून ठेवली आहे आणि गेम मास्टरला ती आयती मिळते.

माझ्या मते याहून मोठा फायदा वेगळा आहे, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ओळखीच्या जगात खेळाडूला स्वतःहून निर्णय घेता येतात. वेस्टेरोसमध्ये लॅनिस्टरांचा माणूस सोन्याची थैली घेऊन दारात आला, तर ते सोने कशासाठी असू शकते, ते घेतले तर उत्तरेकडचे स्टार्क काय म्हणतील, नाकारले तर काय होईल, याचा अंदाज खेळाडूला बांधता येतो. नव्या जगात यातला प्रत्येक प्रश्न त्याला गेम मास्टरला विचारावा लागतो, आणि दर वेळी विचारून पुढे सरकणारा खेळाडू थोड्या वेळाने गप्प बसतो. जगाची माहिती म्हणजे खेळाडूच्या हातातली ताकद. म्हणून जग निवडताना 'आपल्याला कोणते जग आवडते?' याच्या जोडीला 'टेबलावरच्या बहुतेकांना कोणत्या जगात काय केल्याने काय होते हे कळते?' हा प्रश्न विचारा. एकट्या गेम मास्टरला तोंडपाठ असलेले आणि बाकीच्यांना परके असलेले जग हे खेळाच्या दृष्टीने नवेच जग असते.

त्या जगात नुसते फिरून यावे, ही ओढ मात्र फार काळ पुरत नाही. रिव्हेंडेल पाहून झाले, ब्रीच्या खानावळीत बसून झाले, की पहिली हौस फिटते. त्यानंतर खेळाडूंना काहीतरी करायचे असते.

देवघेव पहिल्यापासूनची

साहित्यातल्या जगांचे आणि या खेळाचे नाते खेळाइतकेच जुने आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्यातला जादूगार मंत्र पाठ करतो आणि एकदा वापरला की विसरतो, ही कल्पना जॅक व्हान्सच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ'मधून आली. सुरुवातीच्या छपाईत टॉल्किनचे हॉबिट, एंट आणि बालरॉग नावानिशी होते. हक्कधारकांनी हरकत घेतल्यावर त्यांचे हाफलिंग, ट्रींट आणि बेलोर झाले. घरच्या टेबलावर तुम्ही हॉबिट म्हणा, फ्रोडो म्हणा, कोणी विचारायला येत नाही. पण आपले साहस छापून विकण्याचा विचार असेल तर हा जुना प्रसंग लक्षात ठेवावा.

उलट दिशेनेही बरेच काही वाहिले आहे. स्टीव्हन एरिक्सन आणि इयान सी. एसलमाँट यांनी मलाझन साम्राज्याचे प्रचंड जग आधी आपल्या खेळासाठी रचले, कादंबऱ्या नंतर आल्या. एड ग्रीनवूड या कॅनडातल्या लेखकाने लहानपणी गोष्टींसाठी सुरू केलेले 'फरगॉटन रेल्म्स' हे जग त्याच्या घरच्या कॅम्पेनमधून वाढत १९८७ साली खेळाची अधिकृत मांडणी म्हणून खोक्यात भरून दुकानांत आले, आणि पुढे त्याच्यावर कादंबऱ्यांचे कपाट भरले.

मोठी गोष्ट आधीच सांगून झालेली असते

आता अडचणीकडे येते. मिडल-अर्थमधली सगळ्यात महत्त्वाची कामगिरी फ्रोडो आणि सॅम पार पाडतात. मग तुमच्या टेबलावरच्या चौघांनी करायचे काय? नवख्या गेम मास्टरला दोन वाटा सुचतात. एक, खेळाडूंना फ्रोडो, अ‍ॅरागॉर्न, लेगोलास ही पात्रेच देऊन तीच मोहीम पुन्हा करायची. दोन, नवी पात्रे घेऊन त्या मोहिमेच्या मागे मागे चालायचे. दोन्हीत खेळाडूच्या निर्णयाला किंमत राहत नाही. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'ड्रॅगनलान्स' या साहसमालिकेने पहिल्या वाटेचा मोठा प्रयोग केला. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्या आणि खेळाची पुस्तके हातात हात घालून निघाली, आणि कादंबरीतले नायक खेळाडूंना तयार पात्रे म्हणून मिळाले. कथा म्हणून ती मालिका अनेकांची लाडकी आहे. खेळ म्हणून तिच्यावर आजही एक आक्षेप घेतला जातो: रूळ आधीच टाकलेले आहेत आणि खेळाडूंनी फक्त गाडीत बसायचे आहे.

उपाय एकच, आणि या लेखात मला मुख्यतः तोच सांगायचा आहे: त्या जगातली मोकळी जागा शोधा. लेखकाने जिथे फक्त एक-दोन वाक्ये लिहिली, जिथून नायक गेलेच नाहीत, जी वर्षे तो ओलांडून गेला, तिथे तुमचे कॅम्पेन बसवा. आजूबाजूचे सगळे ओळखीचे राहते, आणि मधली जमीन तुमची होते.

फ्रान्चेस्को नेपिटेल्लो यांचा 'द वन रिंग' हा २०११ साली आलेला खेळ याचा उत्तम नमुना आहे. टॉल्किनच्या कालगणनेत बिल्बोची मोहीम तिसऱ्या युगाच्या २९४१ साली होते, त्याचा निरोपाचा वाढदिवस ३००१ साली, आणि फ्रोडो शायर सोडतो ३०१८ मध्ये. मधल्या साठ-सत्तर वर्षांबद्दल परिशिष्टांतल्या त्रोटक नोंदी सोडल्या तर फारसे काही नाही. खेळाची पहिली आवृत्ती २९४६ पासून, रानटी मुलुखात म्हणजे मर्कवुडच्या आसपास सुरू होते. दुसरी आवृत्ती २९६५ साली, पश्चिमेकडच्या एरियाडोरमध्ये. अंगठी शायरमध्ये बिल्बोच्या खिशात आहे, तिचे महत्त्व कोणाला कळलेले नाही, आणि सॉरॉन २९५१ मध्येच मॉर्डोरमध्ये उघडपणे प्रकट झाला आहे. संकट वाढते आहे, पण अजून युद्ध पेटलेले नाही. खेळायला याहून चांगला काळ क्वचितच सापडेल.

आता यातच आपण एक साहस रचून पाहू. नकाशावर ग्रेफ्लड नदीकाठी थारबाड नावाचे ठिकाण आहे. एके काळी तिथे मोठा पूल आणि शहर होते. २९१२ सालच्या महापुरांनी ते उद्ध्वस्त झाले आणि लोक निघून गेले. पुढे बोरोमिर गोंडोरहून रिव्हेंडेलला येताना इथेच त्याचा घोडा गमावतो, आणि तेही कादंबरीत तो फक्त बोलता बोलता सांगतो. थारबाडबद्दल बाकी फारसे काही येत नाही. ही झाली जागा. आता काळ: परिशिष्टातली एक नोंद सांगते की २९५३ नंतर लवकरच, पुढे फितूर होणारा जादूगार सारुमान ब्री आणि शायरच्या साउथफार्दिंगमध्ये आपली माणसे पेरू लागतो. साउथफार्दिंग तंबाखूसाठी प्रसिद्ध. म्हणजे २९६५ साली तंबाखूचे पिंप भरलेली एक गाडी दक्षिणेकडे निघाली आणि थारबाडच्या उतारावर बेपत्ता झाली, तर ते या जगात अगदी बसते. गाडीवानाची बहीण ब्रीमध्ये खेळाडूंना भेटते. पिंपे कोणी मागवली होती हे तिला सांगता येत नाही, पण पैसे रोख आणि आगाऊ मिळाले होते. पडक्या शहरात कोणी राहते आहे का, गाडी लुटली गेली की वळवली गेली, हे सगळे तुम्ही ठरवा. त्यात काहीही ठरवले तरी टॉल्किनच्या एकाही वाक्याला धक्का लागत नाही.

इथे एक सुंदर ताण आपोआप तयार होतो. खेळाडूंना लगेच संशय येतो की ग्राहक सारुमान असणार. त्यांच्या पात्रांना मात्र सारुमान हा सन्माननीय ज्ञानी वाटतो. हा फरक लपवायचा प्रयत्न करू नका. उघड सांगा: "तुम्हाला माहीत आहे, तुमच्या पात्राला नाही. आता त्याच्या नजरेने निर्णय घ्या." चांगले खेळाडू मग मुद्दाम चुकीच्या माणसावर विश्वास टाकतात, आणि सल्ला मागायला पात्रांना थेट सारुमानच्या आयझेनगार्डला घेऊन जातात. कादंबरी माहीत असल्याचा इतका उपयोग दुसऱ्या कुठल्या पद्धतीने होत नाही.

मोकळी जागा नेहमी नकाशावर किंवा कालगणनेतच असते असे नाही. ग्रीन रोनिनने २००९ मध्ये काढलेल्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर रोलप्लेइंग'ने ती समाजरचनेत शोधली. खेळाडू सगळे मिळून एक छोटे सरदार घराणे तयार करतात. त्याची जमीन, लोकसंख्या, संपत्ती, दरारा, कायदा-सुव्यवस्था हे सारे फाशांनी आणि चर्चेने ठरते. मग एक जण त्या घराण्याचा वारस, एक जण मेस्टर म्हणजे विद्वान सल्लागार, एक जण दासीपुत्र, एक जण तलवारबाज. मोठ्या घराण्यांची युद्धे वर चालू राहतात, आणि तुमचे घराणे त्यांच्या पायांखाली न चिरडता कसे टिकेल हा खेळ होतो. माझ्या मते वेस्टेरोससाठी ही सर्वांत योग्य सुरुवात आहे, आणि खेळाचे पुस्तक नसले तरी ती उचलता येते. पहिल्या सेशनला घराण्याचे नाव, ब्रीद, एक लाज वाटणारे गुपित आणि एक शेजारी शत्रू एवढे ठरवा.

कीथ बेकरने रचलेल्या 'एबेरॉन'मध्ये तर मोकळी जागा मुद्दाम सोडलेली आहे. २००२ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी नवे जग निवडण्याची स्पर्धा झाली, त्यात ११ हजारांहून जास्त प्रस्ताव आले आणि बेकरचा निवडला गेला. २००४ मध्ये पुस्तक आले. त्या जगात दीर्घ युद्धाच्या शेवटाकडे सायर नावाचा अख्खा देश एका दिवसात नष्ट होतो. का, ते पुस्तके मुद्दाम सांगत नाहीत. प्रत्येक टेबलाने आपले उत्तर द्यावे अशी योजना आहे. शिवाय प्रत्येक संकटात धावून येतील असे महाबलाढ्य जादूगार त्या जगात जवळजवळ नाहीत, त्यामुळे काम पडते ते खेळाडूंवरच. तुम्ही कोणतेही जग घ्या, बेकरचे हे दोन निर्णय त्याला लावून पाहा. एक मोठे गूढ अनुत्तरित ठेवा, आणि सगळे सोडवू शकणाऱ्या माणसांना दूर ठेवा.

शेवट माहीत असला तर?

काहींना वाटते, शेवट ठाऊक असलेल्या जगात उत्कंठा कशी राहणार? पानिपतावरची कादंबरी हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला १४ जानेवारी १७६१ ला काय होणार हे पहिल्या पानाआधीच माहीत असते, तरी त्याचा जीव त्यातल्या माणसांसाठी तुटतोच. खेळातही तसेच होते. ग्रेग स्टॅफर्ड यांचा १९८५ सालचा 'पेंड्रॅगन' राजा आर्थरच्या दंतकथेवर आहे. त्याचे मोठे कॅम्पेन इसवी सन ४८५ पासून सुरू होऊन सुमारे ८० वर्षे चालते, आणि खेळातले एक वर्ष साधारण एका सेशनमध्ये संपते. सरदार म्हातारे होतात, मरतात, त्यांची मुले तलवार उचलतात. आर्थरचे राज्य बुडणार हे सगळ्यांना माहीत असते. आपला सरदार लॅन्सलॉटच्या बाजूने उभा राहील की राजाच्या, हे कोणालाच माहीत नसते. शेवट माहीत असलेले जग निवडले तर खेळाचा प्रश्न 'काय होणार' वरून 'आपले कोण आणि कसे वागणार' वर न्या. स्टॅफर्डने त्यासाठी स्वभावाचे गुण-दोष आकड्यांत मांडले आहेत, दया आणि क्रूरता अशा जोड्यांनी. तुमच्या खेळात नसतील तर पात्राच्या कागदावर 'मी कोणाशी एकनिष्ठ आहे' आणि 'कशापुढे माझी निष्ठा डळमळेल' अशा दोन ओळी लिहून घ्या. काम भागते.

नियम जगाला शोभतात का?

हा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण सर्वांत जास्त कॅम्पेन इथे बिघडतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलचा जादूगार आगीचा गोळा फेकतो, उडू शकतो. त्याच लेव्हलचा धर्मगुरू नुकत्याच मेलेल्या साथीदाराला मिनिटाभरात, ३०० सुवर्णमुद्रांच्या किमतीचे हिरे खर्चून, परत उठवतो. हेच नियम जसेच्या तसे मिडल-अर्थला लावले तर बोरोमिरचा मृत्यू ही हिऱ्यांची खरेदी ठरते आणि पर्वत ओलांडण्याचा प्रवास ही चार मिनिटांची झेप. जग तेच राहते, पण त्यातले दुःख आणि दमणूक निघून जाते.

'द वन रिंग'मध्ये म्हणून प्रवास हाच खेळाचा गाभा आहे. वाटाड्या, पुढे जाऊन पाहणारा, शिकारी आणि पहारेकरी अशा जबाबदाऱ्या वाटून घेतल्या जातात आणि वाटेतला थकवा पात्रांवर साचतो. आशा आणि अंधाराची छाया हे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. छाया आशेला गाठते तेव्हा पात्र खचते. बारा बाजूंच्या फाशावर एका बाजूला गॅन्डाल्फची खूण आणि एका बाजूला सॉरॉनचा डोळा असतो, त्यामुळे प्रत्येक फाशाबरोबर खेळाडूला आपण कुठल्या जगात आहोत याची आठवण होते. मोहिमांच्या मधल्या काळात पात्रे घरी जातात, विश्रांती घेतात, नाती जपतात, आणि खेळाचे नियम त्यालाही तेवढेच महत्त्व देतात. 'कॉल ऑफ कथुलू'ने १९८१ मध्ये हेच भयकथेसाठी केले होते. भयानक गोष्ट पाहिली की पात्राच्या मनाचा तोल ढळतो, आणि तो मोजण्याचा आकडा कागदावरच असतो.

तुम्हाला सवयीचे नियमच वापरायचे असतील तर हरकत नाही. आधी एक प्रश्न सोडवा: या जगात दुर्मिळ आणि महाग काय आहे? मिडल-अर्थमध्ये जादू आणि आशा. वेस्टेरोसमध्ये विश्वास. कोनानच्या हायबोरियन युगात दुसऱ्या दिवसाची खात्री. त्या गोष्टी नियमांत स्वस्त होत असतील, तर तेवढे नियम बाजूला ठेवा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे मूळ नियम असलेला दस्तऐवज २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो, तेव्हा काटछाट करून स्वतःची प्रत बनवायला पैसेही लागत नाहीत. तयार हवे असेल तर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज रोलप्लेइंग' हे फ्री लीगचे पुस्तक पाचव्या आवृत्तीचे नियम मिडल-अर्थला जुळवून देते.

मुलांसाठी खेळ मांडणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी 'अवतार लेजंड्स' जरूर पाहावा. मॅगपाय गेम्सच्या या खेळात प्रत्येक पात्र दोन तत्त्वांमध्ये झुलते, आणि भांडण जिंकण्याइतकेच समोरच्याचे मन वळवणे महत्त्वाचे असते. हॉगवर्ट्सची ओढ असलेल्यांना 'किड्स ऑन ब्रूम्स' बरा पडतो. तिथे जादूची शाळा टेबलावरचे सगळे मिळूनच रचतात. शाळेचे जग खेळायला फार सोपे असते, कारण वेळापत्रक, शिक्षक, वसतिगृह आणि मोडायला हवेत असे नियम सगळे आयतेच असतात. फक्त शिक्षकांना संकटाच्या वेळी कुठेतरी पाठवून द्या.

पहिल्या सेशनआधी बोलून घ्यायचे

आपल्या टेबलावर कोणती आवृत्ती खरी, पुस्तकाची की पडद्यावरची? हे बोलले नाही तर टॉम बॉम्बाडिल आहे की नाही यावर अर्धा तास जातो. माझा आग्रह एकाच वाक्याचा असतो: टेबलावर जे घडले ते आमच्या जगात खरे. गटात एक कट्टर जाणकार असतोच. तो दर दोन मिनिटांनी दुरुस्त्या करू लागला तर बाकीचे बोलायला घाबरतात. त्याला गप्प बसवू नका, त्याला काम द्या. "रोहनमध्ये पाहुण्याने तलवार कुठे ठेवायची?" असा प्रश्न आला की गेम मास्टरनेच त्याच्याकडे वळावे. विचारल्यावर सांगणारा जाणकार टेबलाचे भूषण असतो. ज्यांनी काहीच वाचलेले नाही त्यांच्या हातात कादंबरी देऊ नका. एका पानात मावेल एवढेच लिहून द्या: तुझे पात्र कोण, त्याला कशाची भीती वाटते, ते कोणाचा मान राखते, आणि त्या जगात न करण्यासारखी एक गोष्ट.

वेस्टेरोस निवडले असेल तर आणखी एक गोष्ट बोलावीच लागते. त्या कादंबऱ्यांत क्रौर्य आहे, लैंगिक अत्याचार आहेत, मुलांवरचे अन्याय आहेत. वाचताना पान उलटता येते, टेबलावर सगळ्यांसमोर बसलेले असताना ते जमत नाही. कोणते विषय खेळात येणारच नाहीत आणि कोणते पडद्याआड घडून फक्त उल्लेखाने येतील, याची यादी सुरुवातीलाच करा. अनेक गट टेबलाच्या मध्ये एक कार्ड ठेवतात. कोणीही त्याला हात लावला की कारण न विचारता तो प्रसंग सोडून पुढे जायचे. किशोरवयीन खेळाडू असतील तर हे वगळूच नका.

भाषेबद्दलही ठरवा. आपल्याकडचे बरेच गट नियम इंग्रजीत वाचतात आणि मग खेळही अर्धवट इंग्रजीत बोलतात. फासे, लेव्हल, हिट पॉइंट हे शब्द तसेच राहू द्या, पण पात्रांचे बोलणे मराठीत होऊ द्या. वेस्टेरोसच्या दरबारात एखाद्या सरदाराने दुसऱ्याला 'आपण' म्हणता म्हणता अचानक 'तू' म्हटले, तर टेबलावरच्या प्रत्येकाला अपमान कळतो. त्यासाठी वर्णनाची गरज पडत नाही.

प्रसिद्ध पात्रे हा मोठा मोह असतो. गॅन्डाल्फ आणा, पण त्याला घाईत असू द्या. त्याने उत्तर देऊ नये, काम द्यावे, आणि सकाळी निघून जावे. एका कॅम्पेनमध्ये अशी एकच भेट ठेवली तर तिचे मोल राहते. 'फरगॉटन रेल्म्स'मध्ये एल्मिन्स्टर आणि ड्रिझ्टसारख्या बलाढ्य पात्रांची गर्दी आहे, आणि 'हे त्यांनीच का नाही केले?' हा खेळाडूंचा प्रश्न तिथे रास्तच असतो. त्या जगात खेळताना एक वर्ष निवडा, त्यापुढच्या कादंबऱ्या तुमच्यासाठी घडल्याच नाहीत असे ठरवा, आणि बडी मंडळी दुसऱ्या खंडावर गुंतली आहेत असे समजा.

तयारी म्हणाल तर पहिल्या सेशनला एक ठिकाण, एक अडचण आणि खेळाडूंना आधीपासून माहीत असलेली तीन नावे पुरेशी आहेत. तीनाहून जास्त झाली की खेळ ऐकण्याचा तास होतो. पूरक पुस्तके विकत घ्यायची घाई करू नका. ती वाचण्यात आनंद आहे, पण टेबलावर त्यांतला फार थोडा भाग येतो.

आणि मूळ कथाच मोडली तर? खेळाडूंनी थारबाडहून थेट आयझेनगार्ड गाठले आणि सारुमानचा डाव पन्नास वर्षे आधी उघडकीस आणला, तर? गेम मास्टरचा पहिला विचार असतो की हे कसेही करून थांबवायचे: दार बंद करायचे, दूत मारायचा, गरुड पाठवायचे. तसे करू नका. खेळाडूंनी ते कमावले असेल तर घडू द्या, आणि मग शांतपणे परिणामांचा विचार करा. ज्ञानी मंडळींची श्वेत परिषद काय करेल? सॉरॉनला आपला संभाव्य मित्र गेल्याचे कळल्यावर तो कोणाकडे वळेल? रोहनचा राजा कोणावर विश्वास ठेवेल? गॅन्डाल्फला शायरवर लक्ष ठेवायला आता वेळ उरेल का? एवढ्या चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा, तारीख २९६५ अशीच राहू द्या, आणि पुढचे सेशन त्यातल्या सर्वांत वाईट उत्तरापासून सुरू करा.